एक्कावन्नावी प्रत : छोट्या वस्त्र-अभिकल्पकांचे कर्तृत्व आणि कायद्याची भाषा

प्रास्ताविक

साहित्याच्या अभ्यासकाला 'प्रत' हा शब्द रोजच्या वापरातला आहे. हस्तलिखितांच्या काळात ग्रंथाच्या प्रती जितक्या अधिक होत, तितके त्याच्या कर्त्याचे नाव दूरवर जाई. प्रती करताना पाठभेद शिरत. म्हणून एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. परंतु प्रती वाढल्या म्हणून ग्रंथ ज्ञानदेवांचा राहिला नाही, असे कोणी म्हटले नाही. मुद्रणाच्या युगातही ही समजूत कायम राहिली. कादंबरीची पन्नास हजारावी प्रतसुद्धा तिच्या लेखकाचीच कादंबरी असते.

कापडावर उमटवलेल्या चित्राच्या बाबतीत मात्र भारतीय कायदा ही समजूत सोडून देतो. प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम १५ मधील दुसऱ्या पोटकलमानुसार, नोंदणीयोग्य असूनही नोंदणी न केलेला अभिकल्प म्हणजे डिझाइन ज्या वस्तूवर वापरले गेले, त्या वस्तूच्या औद्योगिक प्रक्रियेने पन्नासहून अधिक प्रती निघाल्या की त्या अभिकल्पातील प्रताधिकार संपुष्टात येतो. म्हणजे पन्नासाव्या कुर्त्यापर्यंत चित्रकार कर्ता असतो. एक्कावन्नाव्या कुर्त्याबरोबर त्याचा हक्क नाहीसा होतो.

विधिशास्त्र हा प्रस्तुत लेखिकेचा विषय नव्हे. परंतु कायदा हीही एक संहिता असते, तिच्यात काही गृहीते दडलेली असतात आणि त्यांची चिकित्सा करण्याचा अधिकार भाषा-साहित्याच्या अभ्यासकालाही आहे, अशी माझी धारणा आहे. लहान प्रमाणावर काम करणाऱ्या स्वतंत्र वस्त्र-अभिकल्पकांची चित्रे, ठसे व नमुने त्यांच्या परवानगीवाचून वापरले जातात, ही तक्रार नवी नाही. या तक्रारीची चर्चा बहुधा नक्कल करणाऱ्याच्या नीतिमत्तेभोवती फिरते. प्रस्तुत लेखात लक्ष वेधायचे आहे ते ज्याची नक्कल झाली त्याला कर्ता म्हणून उभे राहायला कायदा कोणती जागा देतो, या प्रश्नाकडे.

जानेवारी २०१८ चे प्रकरण

दिल्लीतील 'पीपल ट्री' हा छोटा अभिकल्प-समूह गुरप्रीत सिद्धू आणि ओरिजित सेन यांनी १९९० मध्ये सुरू केला. फ्रान्समधील प्रख्यात 'डिओर' या वस्त्रगृहाने आपली एक नक्षी उचलली, असा जाहीर आरोप या समूहाने जानेवारी २०१८ मध्ये केला. निमित्त होते 'एल' या मासिकाच्या भारतीय आवृत्तीचे मुखपृष्ठ. त्यावर अभिनेत्री सोनम कपूर यांनी परिधान केलेला डिओरचा पोशाख त्या वस्त्रगृहाच्या २०१८ च्या 'क्रूझ' संग्रहातला होता. योगासनातील आकृती असलेली त्यावरील नक्षी आपण अनेक वर्षांपूर्वी रेखाटली आणि राजस्थानातील कालाडेरा येथील कारागिरांकडून ठशांनी छापून घेतली, असे सेन यांचे म्हणणे होते. दोन्ही छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवून प्रसिद्ध झाली, देशभर चर्चा झाली आणि त्याच वर्षी दोन्ही पक्षांत न्यायालयाबाहेर तडजोड झाली.

तडजोड झाल्यामुळे आरोपाची न्यायालयीन तपासणी झाली नाही, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. त्यामुळे कोण दोषी ठरले असते हे सांगण्याचा अधिकार या लेखाला नाही. पण या प्रकरणाने एक विलक्षण तुलना आपल्या हाती दिली आहे. ओरिजित सेन हे 'रिव्हर ऑफ स्टोरीज' या १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चित्रकादंबरीचे कर्ते. नर्मदेवरील धरणाचा आणि विस्थापनाचा विषय तिच्यात आहे. नर्मदाकाठच्या नंदुरबार जिल्ह्यातील गावांमुळे तो महाराष्ट्रालाही परका नाही. या पुस्तकातील रेषेवर सेन यांचा प्रताधिकार आयुष्यभर आणि त्यानंतर साठ वर्षे टिकतो. पुस्तकाच्या प्रती पन्नास निघोत वा पाच लाख, त्याने काही फरक पडत नाही. त्याच हाताने काढलेली दुसरी रेषा लाकडी ठशावर कोरली गेली, कापडावर उमटली आणि नोंदणीवाचून पन्नासांहून अधिक वस्त्रांवर गेली, तर त्या वस्त्रांवरील नक्षीपुरता तिचा कायदेशीर आधार जातो. हात तोच, शाईची जागा रंगाने घेतली आणि कागदाची सुताने, एवढाच भेद. हे प्रकरण न्यायालयात चालले असते तर कलम १५ हाच बचावाचा पहिला मुद्दा ठरला असता, असे मानण्यास पुरेसा आधार आहे.

'औद्योगिक' या शब्दाचे वाचन

या तरतुदीतील दोन शब्द बारकाईने वाचावे लागतात. पहिला शब्द 'औद्योगिक प्रक्रिया'. सर्वसाधारण वाचकाला या शब्दाने गिरणी, यंत्रमाग, पाळीचा भोंगा आठवतो. हाताने ठसा उचलून, रंगाच्या तबकात बुडवून, तळहाताने ठोकून छापणारा कारागीर त्याला आठवत नाही. परंतु अभिकल्प अधिनियम, २००० मधील व्याख्या औद्योगिक प्रक्रियेचे वर्णन करताना हस्तकृत, यांत्रिक वा रासायनिक अशा सर्व साधनांचा समावेश करते. दोन्ही अधिनियम एकत्र वाचले तर दाबूची चिखलछपाई करणारी ओसरीही उद्योगच ठरते. दाबूमध्ये चिखलाचा लेप ठशाने लावायचा, त्यावर लाकडाचा भुसा भुरभुरायचा, कापड वाळवायचे, नीळ किंवा अन्य रंगात बुडवायचे, पुन्हा वाळवायचे आणि मग धुऊन चिखल काढायचा, असा क्रम असतो. हवा दमट असली की लेप नीट वाळत नाही आणि काम थांबते. या पद्धतीने निघालेले एकही कापड दुसऱ्यासारखे तंतोतंत नसते. असे असताना पन्नास ही संख्या ओलांडताच ते 'पुनरुत्पादन' होते.

दुसरा प्रश्न मोजण्याचा. पन्नास वेळा म्हणजे नेमके काय मोजायचे? कायदा वस्तू मोजतो, ठशाचे उमटणे मोजत नाही. मग कुर्ते शिवण्याआधी छापलेले थान ही एक वस्तू, की त्यातून निघालेला प्रत्येक कुर्ता वेगळी वस्तू? तीच नक्षी साडीवर, उशीच्या अभ्र्यावर आणि ओढणीवर गेली तर बेरीज एकत्र करायची की वेगवेगळी? छोट्या अभिकल्पकाचे भवितव्य या हिशेबावर अवलंबून आहे आणि तो हिशेब कसा करावा हे कलमाच्या शब्दांतून स्पष्ट होत नाही.

आणखी एक गोष्ट बहुधा दुर्लक्षित राहते. या पन्नासांत मोजल्या जातात त्या हक्कधारकाने स्वतः, किंवा त्याच्या परवानगीने दुसऱ्याने काढलेल्या प्रती. चोराने पाच हजार काढल्या तरी त्या मोजल्या जात नाहीत. वरवर पाहता ही मेहेरबानी वाटते. वास्तविक तिचा अर्थ असा की, अभिकल्पकाचा हक्क दुसऱ्याच्या चोरीने जात नाही, तो त्याच्या स्वतःच्या विक्रीने जातो.

पन्नास हा आकडा आला कोठून? तो आपला नाही. १९११ च्या ब्रिटिश प्रताधिकार कायद्याच्या कलम २२ मध्ये औद्योगिक प्रक्रियेने बहुगुणित करावयाच्या अभिकल्पांना प्रताधिकारातून वगळले होते आणि 'बहुगुणित' म्हणजे पन्नासांहून अधिक, हे त्याखालील नियमांनी ठरवले. १९१४ च्या कायद्याने ही रचना हिंदुस्थानात आणली आणि १९५७ मध्ये, स्वतंत्र भारताच्या संसदेने नवा कायदा करताना, पन्नासाचा आकडा कलमात येऊन बसला. ज्या समाजासमोर मँचेस्टरच्या छापील कापडाच्या गिरण्या होत्या, त्याने 'पन्नासांहून अधिक म्हणजे कारखाना' असे मानले तर ते समजू शकते. ठशांच्या छपाईची अखंड परंपरा असलेल्या देशाने तेच मानावे, याचे नवल वाटते. खुद्द ब्रिटनने पुढे आपली वाट बदलली. तेथे १९८८ च्या कायद्याने कारखानदारी वापरातील कलाकृतींचे संरक्षण पंचवीस वर्षांवर आणले होते. ते कलमही २०१६ मध्ये रद्द झाले.

न्यायालयांनी लावलेला अर्थ

दिल्ली उच्च न्यायालयाचे तीन निर्णय या संदर्भात एकापुढे एक ठेवून वाचण्यासारखे आहेत. 'राजेश मसरानी विरुद्ध तहिलियानी डिझाइन' या २००८ च्या प्रकरणात खंडपीठाने वस्त्रांसाठी केलेली रेखाटने ही कलाकृती मानली. संबंधित वस्त्रांच्या वीसहून अधिक प्रती काढल्या नव्हत्या, हे वादीचे म्हणणे तेथे निर्णायक ठरले. 'मायक्रोफायबर्स विरुद्ध गिरधर' या प्रकरणात सोफ्याच्या आच्छादनाच्या कापडावरील नक्षीचा प्रश्न होता. २००९ मध्ये खंडपीठाने म्हटले की, मूळ चित्रावरील प्रताधिकार चित्र म्हणून अबाधित राहील. परंतु ते चित्र कापडावर लावून जो अभिकल्प तयार होतो, त्याला अभिकल्पाच्या कायद्याचीच वाट धरावी लागेल. 'रितिका विरुद्ध बीबा' या २०१६ च्या प्रकरणात 'रितू कुमार' या नावाने वस्त्रे विकणाऱ्या कंपनीचा दावा याच कलमावर अडला. नोंदणी नव्हती आणि प्रती पन्नासांपलीकडे गेल्या होत्या.

या निर्णयांत न्यायालयाची चूक झाली असे मला म्हणायचे नाही. कलमाचे शब्द जसे आहेत तसे वाचले तर दुसरा निष्कर्ष काढणे अवघड आहे. परंतु यांतून जी पायरी तयार होते ती विचारात घेण्यासारखी आहे. लाखो रुपयांचा, मोजक्या ग्राहकांसाठी केलेला लग्नाचा पोशाख वीसच्या आत थांबतो, म्हणून त्याची रेषा सुरक्षित राहते. मोठी कंपनी वकील व नोंदणी विभाग बाळगू शकते. चुकली तर तो तिचा निष्काळजीपणा मानता येईल. जो अभिकल्पक हजार-बाराशे रुपयांचा कुर्ता करतो, तो वीसवर थांबला तर उपाशी राहील आणि एक्कावन्नावर गेला तर हक्क गमावेल. कलम १५ चा सर्वांत जड भार ज्याच्यावर पडतो, तो या तीनही खटल्यांत पक्षकार म्हणून कोठेच दिसत नाही. तो न्यायालयापर्यंत पोहोचत नाही.

एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'क्रायोगॅस विरुद्ध आयनॉक्स' या प्रकरणात या कलमाचा अर्थ लावण्यासाठी एक दुपदरी कसोटी घालून दिली. प्रथम ती कृती शुद्ध कलाकृती आहे की मूळ कलाकृतीपासून निघून औद्योगिक प्रक्रियेने वस्तूवर लावलेला अभिकल्प आहे, हे पाहावयाचे; आणि तेवढ्याने निर्णय होत नसेल तर तिच्यात उपयुक्तता प्रधान आहे की सौंदर्य, हे तपासावयाचे. तो वाद द्रवरूप नैसर्गिक वायू वाहून नेणाऱ्या ट्रेलरच्या आराखड्यांचा होता. अशा यंत्रांच्या बाबतीत ही कसोटी उपयोगी पडेल यात शंका नाही. कापडावरील बुट्टीला 'तुझी उपयुक्तता काय?' असे विचारले तर ती काय उत्तर देणार? कुर्ता अंग झाकतो. बुट्टी काहीच करत नाही, ती केवळ असते. तरीही पहिल्याच प्रश्नापाशी ती 'वस्तूवर लावलेली' ठरून बाद होते.

एक वही

आता एक उदाहरण जवळचे. माझी एक माजी विद्यार्थिनी पदवीनंतर शिवणकाम व वस्त्ररचनेचा अभ्यासक्रम पूर्ण करून तालुक्याच्या गावी स्वतःचे काम करते. आजीच्या हातावरील गोंदणाचे ठिपके तिने वहीत उतरवून घेतले आणि त्या ठिपक्यांतून ज्वारीच्या कणसाची आकृती बांधली. गुजरातमधील गांधीनगरजवळच्या पेथापूर येथील कारागिराकडून ठसा कोरून आणला. पहिले कुर्ते बचत गटांच्या प्रदर्शनात मांडले. ते विकले गेले, तेव्हा आणखी केले. तिने एक मागणीची वही ठेवली होती. तिच्यात तारीख, गिऱ्हाइकाचे नाव, माप, रंग, आलेले पैसे आणि राहिलेले पैसे. अर्थशास्त्राच्या आमच्या सहकाऱ्यांनी वर्गात दाखवावी अशी ती वही होती.

दुसऱ्या वर्षी जिल्ह्याच्या गावातील एका तयार कपड्यांच्या दुकानात तिला तेच कणीस दिसले. स्क्रीन छपाईचे, मिश्र धाग्याच्या कापडावरचे, तिच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यात. एका ठिकाणी तिच्या ठशाचा कोपरा उडालेला होता, त्यामुळे एक ठिपका अर्धा उमटत असे. दुकानातल्या कापडावरही तो ठिपका अर्धाच होता. पाठचिकित्सा शिकवताना दोन पोथ्यांत सारखीच चूक सापडली तर त्यांचा आधार एक आहे असे मानावे, हे सूत्र मी दरवर्षी सांगते. त्याचे इतके लख्ख उदाहरण मला पोथ्यांत कधी मिळाले नव्हते.

आम्ही ओळखीच्या एका वकिलांकडे गेलो. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या. नोंदणी केली होती का? कुर्ते किती विकले? प्रथम लोकांना कधी दाखवले? विद्यार्थिनीने अभिमानाने वही पुढे केली. तिच्यातील नोंदी दीडशेच्या वर गेल्या होत्या. कणीस तिचे आहे हे सिद्ध करणारा जो एकमेव लेखी पुरावा तिच्यापाशी होता, तोच पन्नासाची मर्यादा ओलांडल्याचाही पुरावा होता. तिने हिशेब नीट ठेवला नसता तर तिची बाजू कदाचित अधिक भक्कम झाली असती.

मग आता तरी नोंदणी करावी, असे मी विचारले. तेही दार बंद होते. अभिकल्प अधिनियमाच्या कलम ४ नुसार अर्जापूर्वी भारतात किंवा अन्य देशात लोकांसमोर आलेल्या अभिकल्पाची नोंदणी होत नाही. प्रदर्शनात मांडलेला पहिला कुर्ता हीच प्रसिद्धी. केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरती, नियंत्रकांना आधी सूचना दिलेली असल्यास, सहा महिन्यांची सवलत कायद्यात आहे. तालुक्याच्या मंगल कार्यालयात भरणारे बचत गटांचे प्रदर्शन तिच्यात कसे बसावे?

नोंदणी असती तरी काय झाले असते, हेही पाहिले पाहिजे. नोंदणी वस्तूंच्या वर्गानुसार होते. तयार कपड्यांचा वर्ग वेगळा, थानाच्या कापडाचा वेगळा. शुल्क व्यक्तीसाठी हजार रुपये म्हणजे भारी नाही, परंतु प्रत्येक रेखाटनाला आणि प्रत्येक वर्गाला ते लागते. हक्कभंग झाल्यास २००० च्या कायद्याने प्रत्येक भंगाबद्दल पंचवीस हजार आणि एका अभिकल्पामागे एकूण पन्नास हजार रुपये ही मर्यादा घातली, किंवा नुकसानभरपाई व मनाईहुकमासाठी स्वतंत्र दावा असा पर्याय दिला. दाव्यात प्रतिवादीने नोंदणीच्या वैधतेलाच आव्हान दिले की प्रकरण जिल्हा न्यायालयातून उच्च न्यायालयाकडे वर्ग होते. तालुक्याच्या गावातून मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरला तारखांना जाणे म्हणजे काय, हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगायला नको.

'नक्कल उपकारक असते' हा पक्ष

या प्रश्नाची दुसरी बाजू मांडणारा सर्वांत गाजलेला युक्तिवाद अमेरिकी विधिज्ञ कॅल राउस्टियाला आणि ख्रिस्तोफर स्प्रिगमन यांनी २००६ मध्ये केला. त्यांच्या मते वस्त्रांच्या दुनियेत नक्कल होते म्हणूनच नवनिर्मिती होते. एखादी शैली नकलांमुळे झपाट्याने पसरते, सर्वांच्या अंगावर दिसू लागते, म्हणून उच्चभ्रूंना ती नकोशी होते आणि अभिकल्पकाला नव्या शैलीकडे वळावे लागते. शिवाय नकलांमुळेच 'या हंगामाची चाल कोणती' हे सर्वांना कळते. कायद्याचे संरक्षण दुबळे असूनही हा उद्योग भरभराटीला आला, याचे कारण त्यांनी या विरोधाभासात शोधले.

हा युक्तिवाद चतुर आहे आणि त्याची ताकद मान्य केली पाहिजे. बाहीची लांबी, कॉलरची ठेवण, घेराचा अंदाज या गोष्टींवर कोणाची मालकी चालू लागली तर गावातल्या प्रत्येक शिंप्याला खटल्याची भीती बाळगावी लागेल. ते कोणालाच नको आहे. परंतु या मांडणीने 'उद्योग' हा एकसंध कर्ता मानला आहे. उद्योगाला एकूण लाभ झाला, तो कोणाच्या खिशातून कोणाच्या खिशात गेला, हे तिच्यात दिसत नाही. शिवाय हंगामी चालीचे हे गणित आपल्याकडच्या ठशांच्या कामाला लागू पडत नाही. चांगला ठसा वर्षानुवर्षे चालतो, तोच कुर्ता गिऱ्हाईक तिसऱ्यांदा मागायला येते. नक्कल झाल्यामुळे या अभिकल्पकाला 'पुढच्या चालीकडे' ढकलले जाते, याचा सरळ अर्थ तिचे चालू असलेले पोट तुटते असा आहे.

स्कॉट हेम्फिल आणि जिनी सुक यांनी २००९ मध्ये या मांडणीला दिलेले उत्तर मला अधिक पटते. प्रचलित चालीत सहभागी होणे आणि एका विशिष्ट कृतीची जवळून केलेली हुबेहूब नक्कल, या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या काढल्या. नाममुद्रेचे संरक्षण मोठ्या गृहांना उपलब्ध असते, त्यामुळे अभिकल्पाच्या हक्काअभावी खरा मार उगवत्या आणि छोट्या अभिकल्पकांना बसतो, हेही त्यांनी दाखवले. आपली आद्याक्षरे कापडभर छापणाऱ्या मोठ्या कंपन्यांकडे या दृष्टीने पाहिले तर त्यांची ती हौस निव्वळ हौस वाटत नाही. मराठी काव्यचर्चेतला पर्याय वापरायचा तर, वृत्त सर्वांचे असते, कविता एकाची. आर्या लिहिली म्हणून कोणी मोरोपंतांचा चोर होत नाही.

कर्ता एकच असतो का?

येथवर छोट्या अभिकल्पकाची बाजू मांडली. पण तिच्याही भूमिकेची चिकित्सा न करता पुढे जाणे अप्रामाणिक होईल. गोंदणाचे ठिपके विद्यार्थिनीच्या आजीचे होते आणि आजीचेही नव्हते. ज्या गोंदणाऱ्या बाईने ते टोचले तिला ते तिच्या आईकडून मिळाले असणार. पेथापूरच्या कारागिराने सागवानावर रेषा कोरताना ती किती जाड ठेवावी, ठिपक्यांत किती अंतर सोडावे म्हणजे रंग एकमेकांत मिसळणार नाही, हे स्वतःच्या हाताने ठरवले. दुकानातील नक्कल ज्या अर्ध्या ठिपक्यामुळे ओळखू आली, तो तर कोणीच योजला नव्हता. मग कणसाचा कर्ता कोण?

कायद्याच्या भाषेत याचे उत्तर सोपे आहे: मौलिक रेखाटन जिने केले ती. मला हे उत्तर अपुरे वाटते, पण खोटे वाटत नाही. गोंदण समाजाचे आहे. त्या ठिपक्यांची कणसात झालेली मांडणी तिची आहे. संरक्षण मागायचे ते या मांडणीपुरते. ते जर ठिपक्यांवर मिळाले, तर उद्या ती दुसऱ्या एखाद्या नातीला अडवू शकेल. पीपल ट्रीच्या प्रकरणातही वर्तमानपत्रांतील चर्चा अभिकल्पक विरुद्ध वस्त्रगृह अशी रंगली आणि कालाडेराचे हात बहुतेक ठिकाणी एका वाक्यात उरकले गेले. लहान अभिकल्पक मोठ्याकडून जो उल्लेख मागतो, तो स्वतःच्या कापडाच्या चिठ्ठीवर ठसा कोरणाऱ्याला देतो का? बहुधा देत नाही. माझ्या विद्यार्थिनीनेही दिला नव्हता. हे मी तिला विचारले तेव्हा ती गप्प बसली.

सामूहिक हक्काची वाट महाराष्ट्राने अलीकडेच जवळून पाहिली. जून २०२५ मध्ये मिलान येथे इटलीच्या 'प्राडा'ने सादर केलेल्या पुरुषांच्या संग्रहात कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि मोठा क्षोभ उसळला. कोल्हापुरी चपलेला महाराष्ट्रातील चार व कर्नाटकातील चार जिल्ह्यांसाठी २०१९ मध्ये भौगोलिक निर्देशन मिळालेले होते. परंतु हे निर्देशन मुख्यतः नावाचे रक्षण करते, आकाराचे नव्हे. आणि प्राडाने ते नाव वापरलेच नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जनहित याचिका फेटाळताना, नोंदणीकृत हक्कधारक स्वतः न्यायालयात आलेले नाहीत, या मुद्द्यावर बोट ठेवले. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये प्राडा आणि दोन्ही राज्यांची चर्मोद्योग महामंडळे यांच्यात सामंजस्य करार झाला. ज्या चपलेमागे आठ जिल्हे, दोन महामंडळे, लोकप्रतिनिधी आणि वर्तमानपत्रे उभी राहिली, तिलाही कायद्यापेक्षा लोकलज्जेनेच अधिक मिळवून दिले. ज्या कुर्त्यामागे एकच वही उभी आहे, त्याच्यासाठी अशी लोकलज्जा कोठून आणावी?

विक्रीनंतर कळणारी गोष्ट

सध्याच्या रचनेतील मूळ अडचण मुदतीची वा शिक्षेची नसून क्रमाची आहे, असे मला वाटते. कायदा म्हणतो, आधी नोंदणी करा, मग लोकांना दाखवा. छोट्या अभिकल्पकाला मात्र कोणते चित्र नोंदणीच्या लायकीचे आहे हे लोकांना दाखवल्यावरच कळते. युरोपीय संघाच्या २००२ च्या नियमावलीने हा क्रम ओळखला. तेथे अभिकल्प लोकांसमोर आल्यापासून तीन वर्षे नोंदणीशिवायच, केवळ नकलेपुरते, संरक्षण मिळते. आणि प्रथम प्रकटीकरणानंतर बारा महिन्यांत नोंदणीचा अर्ज करता येतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये रियाध येथे स्वीकारल्या गेलेल्या अभिकल्पविषयक आंतरराष्ट्रीय करारातही बारा महिन्यांच्या सवलतीची तरतूद आहे आणि त्या परिषदेच्या अंतिम दस्तऐवजावर भारताची स्वाक्षरी आहे. आयुष्य अधिक साठ वर्षे एवढी मक्तेदारी कुर्त्याच्या नक्षीला असावी, असे मी म्हणणार नाही. तीन वर्षे पुरेशी आहेत. त्यासाठी पन्नासाचा आकडा मात्र कलमातून जायला हवा, किमान हातछपाईच्या बाबतीत.

प्रताधिकार अधिनियमाचे कलम ५७ या संदर्भात कोणी तपासून पाहावे असेही सुचवावेसे वाटते. कर्त्याला आपले कर्तृत्व सांगण्याचा विशेष हक्क हे कलम त्याच्या प्रताधिकारापासून स्वतंत्रपणे देते. एक्कावन्नाव्या प्रतीबरोबर आर्थिक हक्क गेला, तरी नावाचा हक्क उरतो का? विधी शाखेतील सहकाऱ्यांनी या प्रश्नाकडे वळावे. कारण वकिलांकडून परतताना माझ्या विद्यार्थिनीने पैशांविषयी एकदाही विचारले नाही. "ते माझं आहे एवढं तरी लिहून मिळेल का, मॅडम?" एवढेच तिने विचारले होते.

पुढच्या वर्षी तिने पाच नवी रेखाटने केली. पाचांची दोन-दोन वर्गांत नोंदणी करणे तिला परवडण्यासारखे नव्हते. प्रदर्शनापूर्वी कोलकात्याच्या अभिकल्प कार्यालयाकडे तिने एकाच रेखाटनाचा अर्ज पाठवला, आंब्याच्या मोहराचा; तिला तेच सर्वांत चांगले वाटत होते. प्रदर्शनात मोहराला फारसे गिऱ्हाईक मिळाले नाही. गेले ते बोरीच्या काट्यांचे, नोंदणी न केलेले. वहीत त्याची सत्तेचाळीस नावे झाली, तेव्हा तिने मला फोन करून विचारले की पुढच्या मागण्या घ्याव्यात की थांबावे.